उन्हाळा, सायक्लॉप्स आणि माशाच्या पोटातले पट्टकृमी

मराठवाड्यात झूऑलॉजीत एमएस्सी केलेल्या कुणालाही विचारा, माशांच्या आतड्यात टेपवर्म म्हणजे पट्टकृमी कधी जास्त सापडतात, उत्तर ठरलेलं असतं. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त, पावसाळ्यात सगळ्यात कमी, हिवाळा मधे कुठेतरी. आमच्याकडे या विषयावर ढिगाने थीसिस झालेत, आणि आकडे बऱ्यापैकी जुळतात सुद्धा, पण शेवटच्या पानावर कारण म्हणून "तापमान वाढल्यामुळे" एवढंच लिहून मोकळे होतात ना, ते मला पटत नाही.

आधी तो किडा बघू. बाजारातून वाम किंवा मरळ आणायची, पोट उभं चिरायचं, आतडं सलाइनच्या डिशमध्ये ठेवून बारीक कात्रीने उघडायचं. पांढरी, ओली फीत दिसते, एका टोकाला डोकं अस्तरात रोवलेलं, बाकी अंग आखडतंय, लांब होतंय, परत आखडतंय. घाईने चिमटा लावून ओढलात तर अंग हातात येतं आणि डोकं आतड्यातच राहतं, आणि डोकं नसेल तर बहुतेक वेळा जात ओळखायचं विसरा. मग दोन काचांमध्ये दाबून फॉर्मलिन, हिमॅटॉक्सिलिनचा रंग, अल्कोहोल, झायलीन, शेवटी काच चिकटवायला डीपीएक्स. अख्खी दुपार जाते.

आता हा माशात येतो कसा? अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, फुटून केसाळ पिल्लू पोहत बाहेर येतं, त्याला सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव गिळतो (हो, तोच नारूवाला सायक्लॉप्स, ज्याच्यासाठी आपल्याकडे पाणी गाळून प्या म्हणून सांगायचे) आणि तो सायक्लॉप्स माशाने खाल्ला की काम झालं. मागूरमधल्या काही जाती सायक्लॉप्सऐवजी गाळातल्या ट्युबिफेक्ससारख्या किड्यांतून येतात. यात कुणाचंही रक्त गरम नाही, म्हणजे अंडं, सायक्लॉप्स, मासा, जंत, सगळे पाण्याच्या तापमानावर चालतात, पण एकाच स्पीडने चालत नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे.

एशियन टेपवर्म म्हणून जो ओळखला जातो तो घ्या, चीनकडून गवत्या माशाबरोबर जगभर गेला. पाणी २८-२९ अंश असेल तर साधारण २० दिवसांत माशाच्या पोटात मोठा होऊन अंडी टाकायला लागतो, १५ ते २२ अंशांत त्यालाच दीड-दोन महिने लागतात. इंग्लंडमध्ये लेस्टर युनिव्हर्सिटीतल्या मॅकनॅब आणि बार्बर यांनी २०१२ मध्ये स्टिकलबॅक नावाच्या इवल्याशा माशावर प्रयोग छापला होता. १५ आणि २० अंश, फक्त ५ अंशांचा फरक. २० अंशातल्या माशांमध्ये जंत चौपट वेगाने वाढले आणि आठ आठवड्यांत पुढच्या यजमानात (ज्याच्या अंगात जंत राहतो तो प्राणी), म्हणजे पक्ष्यात, जायला तयार झाले, १५ अंशातला एकही झाला नव्हता. वर असं की तयार जंत पोटात असलेले मासे स्वतःहून जास्त गरम पाण्याकडे जायला लागले!

म्हणजे गरम पाणी जंताच्या फायद्याचं? थांबा. तिकडेच १९६० च्या दशकात केनेडी नावाच्या संशोधकांनी डेस नावाच्या माशातल्या एका पट्टकृमीवर काम केलं, त्यात उलटं दिसलं. थंड पाण्यात जंत माशात टिकून राहतात, पाणी गरम झालं की मासा त्यांना लवकर बाहेर काढतो, कारण माशाची प्रतिकारशक्ती पण तापमानावरच चालते. त्यामुळे उन्हाळ्यात जंत कमी अशीही केस असते. जंताचं घड्याळ पुढे की माशाचं, ते जातीनुसार बघावं लागतं.

या भानगडीचं सगळ्यात भारी उदाहरण मला अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचं वाटतं. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरण झालं, धरणाच्या तळाचं गार पाणी कोलोरॅडो नदीत सुटायला लागलं, पुढे कित्येक वर्षं वर्षभर साधारण ८ ते १२ अंश. तिथला कुबडवाला हम्पबॅक चब हा मासा अशा पाण्यात नीट वाढतच नाही, तो जाऊन टिकला लिटल कोलोरॅडो या गरम उपनदीत. आणि एशियन टेपवर्म १९९० मध्ये नेमका तिथेच चबच्या पोटात सापडला. मुख्य नदीच्या गारठ्यात त्या जंताचं जीवनचक्र पूर्ण होत नव्हतं. माशासाठी धरणातून गरम पाणी सोडायचं म्हटलं तर जंतालाही दार उघडून दिल्यासारखं, आणि गार ठेवलं तर चबचे हाल. यावर तिथे वर्षानुवर्षं खल चालला.

आता आपल्याकडे या. जायकवाडीचं पाणी हिवाळ्यात सुद्धा विशीच्या आसपास असतं, एशियन टेपवर्मसारख्या जंताची वाढ तेवढ्यात मंदावेल, पण थांबणार नाही. म्हणजे तापमानाचं दार आपल्याकडे बाराही महिने उघडंच आहे. मग मे आणि जुलैमध्ये एवढा फरक का? माझं मत, आपला ऋतू थर्मामीटरवर नाही, पाण्याच्या पातळीवर चालतो. मे महिन्यात तलाव आटतो, तेवढेच मासे आणि तेवढेच सायक्लॉप्स थोड्याशा पाण्यात कोंबले जातात, गाठ पडायची शक्यता वाढते. जूनच्या शेवटी नवं गढूळ पाणी येतं, सगळं पसरतं, अंडी आणि सायक्लॉप्स वाहून जातात, माशांचं खाणं बदलतं. तापमानाचा हात आहेच, मी नाही म्हणत नाही, पण मे महिन्यात ऊन वाढणं आणि पाणी कमी होणं एकदमच घडतं, त्यामुळे दोन्ही वेगळं काढल्याशिवाय नुसतं तापमानावर खापर फोडता येत नाही. नव्याने या विषयावर काम करणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे की मासे बाजारातून आणून मोजत बसू नका, ज्या तलावातला मासा त्या तलावावर जा, त्याच दिवशी पाण्याचं तापमान घ्या, पातळी लिहून ठेवा आणि प्लँक्टन नेट (बारीक विणीची जाळी) टाकून सायक्लॉप्स मोजा.

आणि हो, हे वाचून "मग मरळ खायची की नाही" असं विचारणारे असतातच. बिनधास्त खा. हे मोठे जंत आतड्यात असतात, आतडं साफ करताना जातं, आणि रश्शात उकळल्यावर काही उरत नाही. माणसाला होणारा माशाचा टेपवर्म वेगळा, तो बाल्टिक-रशियासारख्या थंड भागांतल्या तळ्यांमधला जास्त, आणि त्यासाठी मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खावा लागतो.