आर्सेनिकची बाटली लावताना: वॉर्डातला माझा अनुभव

अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल, हा रक्ताचा कॅन्सर. त्याचा नुसता संशय आला तरी एट्राच्या (अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधाच्या) कॅप्सूल त्याच दिवशी सुरू करतात. जनुकीय रिपोर्टसाठी थांबत नाहीत, कारण सुरुवातीला रुग्ण दगावतो तो बहुतेकदा रक्तस्रावाने. प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवायच्या, गळ्यातली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) टाळायची.

निदान पक्कं झालं की आर्सेनिक ट्रायऑक्साइड. किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९. आमच्याकडच्या अँप्यूलमध्ये मिलीला १ मिलिग्रॅम असतं. ९ मिली काढून २५० मिली डेक्स्ट्रोजमध्ये घालते आणि दोन तासांत सोडते. चेहरा लाल होऊन गरगरायला लागलं तर वेळ चार तासांपर्यंत वाढवायची. त्याच नळीतून दुसरं औषध नाही.

खरी कटकट ईसीजीची. आर्सेनिकने क्यूटी, म्हणजे ईसीजीवरचा हृदयाच्या एका ठोक्यातला विद्युत काळ, लांबतो आणि ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. पोटॅशियम ४ च्या आणि मॅग्नेशियम १.८ च्या खाली असेल, तर आधी ते भरून काढायचं, मग बाटली. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर डोस थांबतो. उलटीसाठी सवयीने ऑन्डान्सेट्रॉन लिहिलेलं असतं, तेही क्यूटी वाढवतं. केसपेपर बघताना मी पहिल्यांदा तेच शोधते.

वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर. ताप, धाप आणि झपाट्याने वाढणारं वजन दिसलं की डिफरन्शिएशन सिंड्रोम (औषधाने कॅन्सरच्या पेशी पिकू लागल्यावर होणारा धोकादायक त्रास) धरायचा आणि एक्स-रेची वाट न बघता डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दर १२ तासांनी. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून आजार बळावला असं नाही. त्या पिकत असतात. म्हणूनच बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) तपासणीची घाई नको, चौथ्या आठवड्याआधी तो फसवतो.

नातेवाईक विचारतात, औषध मूळचं चिनीच ना, मग वैद्यांकडचं सोमल, म्हणजे आर्सेनिकच, का नको? चीनमधल्या हार्बिनमध्ये १९७० च्या दशकात जांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष असलेला गावठी नुस्खा हाती घेतला. भेकाचं विष काढलं, पारा गेला, उरलं मोजून देता येणारं आर्सेनिक. एपीएलच्या पेशीतल्या पीएमएल-रारा प्रथिनाला ते चिकटतं आणि ते प्रथिन मोडतं. इतर कॅन्सरमध्ये हे प्रथिनच नसतं, त्यामुळे तिथे असा गुण आलेला नाही. चीनमध्ये मनशीळ (आर्सेनिकचं खनिज) आणि नीळ असलेल्या गोळ्याही देतात, पण त्याही वजनावर मोजून आणि तपासण्या करून.

घरचे काढे मी पिशवीतून बाहेर काढून मागते. ज्येष्ठमध आणि सोनामुखी दोन्ही पोटॅशियम उतरवतात.