बीव्हर आणि वणवा: उपग्रहचित्रांची वही, बॉ क्रीक ते कॅमेरॉन पीक

ओढ्यांवर बंधारे बांधणारा बीव्हर हा प्राणी वणव्यात काठ हिरवा ठेवतो का, ते मी उपग्रहचित्रांवरून तपासतोय. त्यातलं बॉ क्रीकचं काम एकदाचं मार्गी लागलं. आयडाहोतल्या या ओढ्याच्या खोऱ्यात २०१८च्या जुलैअखेरीस शार्प्स वणवा पेटला आणि सुमारे ६५ हजार एकर जाळून गेला. त्यानंतरचा तो प्रसिद्ध फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल: दोन्ही बाजूंचे उतार काळेठिक्कर आणि मधोमध बीव्हरच्या बंधाऱ्यांलगतची हिरवी पट्टी. मी या नादाला लागलो तो त्या फोटोमुळेच, पण एका फोटोवर किती विसंबायचं? सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची वणव्याआधीची आणि नंतरची चित्रं उतरवून घेतली, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचं माप, काढला. पट्टी तिथेही ठळक उठून दिसते.

नव्यांसाठी थोडक्यात: निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि निकट-अवरक्त प्रकाश परतवतं. दुसऱ्यातून पहिला वजा, भागिले दोन्हींची बेरीज म्हणजे एनडीव्हीआय. सेंटिनेलमध्ये त्यासाठी बँड (प्रकाशाचे पट्टे) ४ आणि ८ लागतात, दोन्ही १० मीटरचे, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा. एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल या संशोधकांनी २०२०मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या पाच राज्यांतले पाच वणवे तपासले होते. बीव्हर नसलेल्या काठांवर हिरवाईची घट बीव्हर असलेल्या काठांच्या सरासरीने तिपटीहून थोडी जास्त आली. ते काम लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या ३० मीटरच्या चित्रांवर झालं. अरुंद काठ त्यात शेजारच्या उताराशी मिसळून जातो, म्हणून १० मीटरचा मोह आवरत नाही. मात्र सेंटिनेल-२ची चित्रं २०१५पासूनचीच. त्याआधीच्या वणव्यांना लँडसॅटशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी वेगळं काढण्यात. उघड्या पाण्याचा एनडीव्हीआय शून्याच्या आसपास किंवा उणे येतो. बंधाऱ्यामागची तळी मोजमापात राहू दिली, तर बीव्हरचा काठ उगीचच कमी हिरवा ठरतो. त्यामुळे आधी बँड ३ आणि ८ वरून पाण्याचा मुखवटा (पाण्याचे पिक्सेल झाकणारा थर) करायचा, तो वजा करायचा आणि मगच सरासरी काढायची. वणव्याआधी आणि नंतर एकच मुखवटा लावा, नाहीतर तळ्याची पातळी बदलली की तुलनाच बिघडते.

दुसरा मुद्दा तारखेचा, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. हिरवा पिक्सेल दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगू शकतो: इथे जळलंच नाही, किंवा जळून पुन्हा फुटलं. विलो आणि ॲस्पेन हे वृक्ष वरून जळाले तरी मुळापासून धुमारे काढतात, आणि ओल असेल तर भराभर काढतात. धूर निवळल्यानंतरचं पहिलं स्वच्छ चित्र काठ टिकला का ते सांगतं. काठ सावरतोय का ते पुढच्या उन्हाळ्याचं चित्र सांगतं. दोन्हींची सरमिसळ केलेले नकाशे बरेच दिसतात. दिसायला झकास, उपयोग शून्य.

काठ टिकतो कसा, हे नकाशात बंधाऱ्यापेक्षा बीव्हरच्या कालव्यांवरून जास्त कळतं. बंधारा पाणी अडवतो, पण ते दूरवर आडवं पसरतं ते या कालव्यांमुळे, म्हणजे बीव्हरनी खोदलेल्या अरुंद चरांमुळे. भूजल वर येतं, कोरड्या दिवसांतही मुळांना पाणी मिळतं, पानं ओली राहतात. अशा झाडोऱ्यात आगीची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते.

आता संशयाची जागा. बीव्हर मुळात रुंद, कमी उताराची खोरी निवडतात, आणि अशा जागा एरवीही जरा ओल्याच असतात. मग श्रेय कुणाचं? म्हणून तुलनेसाठी मी त्याच ओढ्यावरचे, तितक्याच रुंदीचे आणि उताराचे, पण बंधारे नसलेले तुकडे घेतोय. असे तुकडे शोधणं जिकिरीचं आहे, पण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. (आयडाहोत १९४८मध्ये पेट्यांत घालून पॅराशूटने बीव्हर सोडले होते. इथे नेमकी कुठे वस्ती करायची हे माणसांनी ठरवलं, म्हणजे आपल्याला जवळजवळ आयता प्रयोगच! पण तेव्हा उपग्रह कुठले.)

सध्या कोलोराडोतल्या कॅमेरॉन पीकवर आहे. २०२०चा हा वणवा दोन लाख एकरांच्या वर गेला, राज्याच्या नोंदींतला सर्वांत मोठा. तो महिनोन्‌महिने जळत राहिल्याने ‘वणव्यानंतर’ ही तारीख प्रत्येक ओढ्याला वेगळी लावावी लागते, आणि ऑक्टोबरनंतर बर्फ आडवा येतो. टिकण्याचा भाग इथे अवघड जाणार. सावरण्याचा भाग आशादायक वाटतो: जळक्या उतारांवरून पावसाबरोबर येणारी राख आणि गाळ तळ्यांत साचतो, खालच्या पाण्याचा गढूळपणा कमी होतो. मोठा लोंढा आला तर बंधारे फुटतातही, म्हणून २०२१च्या उन्हाळ्यातली तळी आधीच्या तळ्यांवर ठेवून कोणती गायब झाली ते तपासतोय. गाळाने भरलेलं तळं आणि फुटलेलं तळं १० मीटरवर जवळपास सारखंच दिसतं. त्यासाठी कुणाकडे मोफत हवाई छायाचित्रांचा चांगला स्रोत असेल तर सांगा.