फीडबॅक शंभर टक्के

महापेच्या एका डेटा सेंटरचं कूलिंग मी घोडबंदर रोडच्या घरातून सांभाळतो. पीएलसीचा, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्रॅम व्हीपीएनवर उघडतो, आणि इथल्या ट्रॅफिकमधून साइटवर पोचेपर्यंत टेस्ट उरकलेली असते. आईच्या मते मी कॉल सेंटरमध्ये आहे.

त्या रात्री फायनल टेस्ट होती. सर्व्हर आलेले नसतात, त्यांच्या जागी लोड बँक म्हणजे मोठाले हीटर लावून हॉल तापवतात. राखीव कूलिंग युनिट मुद्दाम बंद ठेवलेलं, म्हणजे सात नंबरला सुट्टी नव्हती. दोनच्या सुमारास त्याच्या समोरच्या रांगेत 24 अंशांचे 29 झाले. अ‍ॅशरेची म्हणजे एसीवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची शिफारस 18 ते 27 ची. माझ्या स्क्रीनवर मात्र थंड पाण्याचा व्हॉल्व्ह 100 टक्के उघडा, फीडबॅक, म्हणजे व्हॉल्व्हने परत कळवलेली स्थिती, तीही 100, सगळं हिरवंगार.

फोनवर कंत्राटावरचा टेक्निशियन, जेमतेम बावीसचा. "सर, पाइप गार नाहीये."

"इन्सुलेशनवर हात लावला असशील."

"नाही सर, फ्लँजपाशी उघडंय, तिथे लावला."

तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा आवाजही चढवला. त्याने काही न बोलता अ‍ॅक्च्युएटरचा म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरचा फोटो पाठवला. काटा 'बंद'वर.

मग मी ट्रेंडचा आलेख उघडला. कमांड 62.5, फीडबॅक 62.5. कमांड 81.3, फीडबॅक 81.3, त्याच सेकंदाला. खरा व्हॉल्व्ह इतका आज्ञाधारक नसतो. मागून रेंगाळत येतो, पॉइंट-दोन पॉइंटने चुकतो. फीडबॅकचा सिग्नल 4 ते 20 मिलीअँपचा असतो तो याचसाठी, की वायर मेली तर 0 दिसावा आणि अलार्म वाजावा. वायर 0 च सांगत होती. प्रोग्रॅम तिच्याकडे बघत नव्हता. फॅक्टरी टेस्टला व्हॉल्व्ह नव्हते, म्हणून कमांडच फीडबॅकला जोडून सिम्युलेशन लावलं होतं. बाकीच्या युनिटचं निघालं, सातचं राहिलं. कमेंटमध्ये माझीच आद्याक्षरं. सिम्युलेशन काढल्याच्या चेकलिस्टवर तीन सह्या आहेत. सह्या करायला कुणाचं काय जातं!

सिम्युलेशनचा बिट 0 केला, अलार्म आला. पोराने 24 व्होल्टचा उडालेला फ्यूज पाच मिनिटांत बदलला.

रिपोर्टात 'कारण'पुढे मी 'फ्यूज' लिहिलं. खोटं नाही ते. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर साइट टीमची खरडपट्टी निघाली, त्या पोराचं नाव घेऊन. मीही कॉलवर होतो. म्यूटवर.