आईची रुणगाणी कशी गावीत

फिनलंडच्या रुणगाण्यांत, म्हणजे तोंडी चालत आलेल्या जुन्या लोकगीतांत, आईपण जागोजाग भेटतं. अशा गाण्यांवरून रचलेल्या १८४९ च्या ‘कालेवाला’ महाकाव्यात वायुकन्या इल्मतर ७०० वर्षं गर्भ वाहते आणि लेम्मिन्काइनेन या वीराची आई मुलाच्या देहाचे तुकडे नदीतून दाताळ्यानं वेचून सांधते. माझ्या मते दुसरा प्रसंग गाण्याला जास्त जवळचा.

ओळीत सहसा आठ अक्षरं असतात. पहिली सहा अर्ध्या मात्रेची, शेवटची दोन पूर्ण मात्रेची, म्हणजे पाच मात्रा. नवखे गायक नेमकी ही शेवटची दोन आखडतात. ओळ चार मात्रांत बसते आणि चालीचा झोकाच जातो. अग्रगायक ओळ म्हणतो, बाकीचे शेवटच्या एक-दोन अक्षरांवर मिसळतात आणि तीच ओळ पुन्हा गातात. त्यामुळे श्वासाला उसंत मिळते.

साथीला पाच तारांचं कांतेले हे छेडून वाजवायचं फिनिश तंतुवाद्य घ्या. तारा सा रे ग म प अशा लावा. अंगाईसाठी ग कोमल करून पाहा, फार हळवं वाटतं. मधली तार मात्र काटेकोर हवी. छेडलेल्या तारा बराच वेळ एकत्र घुमतात, त्यामुळे ग किंचित जरी घसरला तरी सगळंच बेसूर होतं.