आयलाला आधी गेलो असतो तरी चाललं असतं

स्कॉटलंडला व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या बघायला निघालो होतो. "नवीन आहात ना, मग स्पेसाइड भागापासून सुरू करा, आयला बेट एकदम शेवटी, तिथली व्हिस्की धुरकट, नवख्यांना झेपत नाही," हा सल्ला इतक्या जणांनी दिला की आम्ही मुकाट्याने रूट तसाच आखला. स्पेसाइडचं डफटाउन गाव, ग्लेनफिडिक डिस्टिलरी, मध-सफरचंदाचे वास, सगळं छान छान. फोटो भारी आलेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मग केनाक्रेगहून फेरी आणि आयलावरचं पोर्ट एलन. इथून लाफ्रोएग, लागावुलिन, आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या एकाच पायवाटेवर आहेत, पण पाऊस असा आडवा की गाडीच काढली. लाफ्रोएगमध्ये बार्ली (जव) फरशीवर पसरून मोड आणत होते, अगदी मटकीला आणतो तसे, आणि नंतर ती खालून पीट, म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती, जाळून धुरावर वाळवायची. त्या भट्टीच्या दाराशी मी उभी राहिले ती हलेचना, नवरा दोनदा हाका मारून गेला. बेटावर झाडं कमी, कोळसा बोटीने आणायचा, मग हाताशी काय तर दलदलीतून कापलेलं पीट, आणि तोच धूर दाण्यात मुरतो. स्पेसाइडला 1860च्या दशकात रेल्वे आली, कोक (जवळजवळ बिनधुराचा कोळसा) मिळायला लागला, धूर कमी झाला. म्हणजे ज्याला आपण प्रदेशाची चव म्हणतो त्यात बराचसा सरपणाचा हिशोब आहे, हे मला आधी कुणीच का नाही सांगितलं?

टेस्टिंगला ग्लास नाकाशी नेला तर थेट दवाखाना, टिंक्चर आयोडीन! आणि मला आवडलं. शेजारचे एक काका, पाणी घालणं म्हणजे पाप वगैरे ऐकवत होते, तेवढ्यात गाइड बाईंनी स्वतःच कास्क स्ट्रेंथमध्ये, म्हणजे पिंपातून पाणी न मिसळता भरलेल्या कडक व्हिस्कीत, ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकले, जिभेची आग कमी झाली आणि मागचा गोडवा वर आला. काका गप्प. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बुनाहावन डिस्टिलरी. त्याच बेटावर, पण तिथली नेहमीची व्हिस्की जवळजवळ बिनधुराची, म्हणजे "आयला शेवटी" हा सल्ला इथेच बोंबलला.

स्कॉटलंडमध्ये ड्रिंक-ड्राइव्हची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला त्याच्या वाटची व्हिस्की छोट्या बाटल्यांत भरून देतात. रात्री रूमवर नवऱ्याने त्या उघडल्या, लाफ्रोएगचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, बाटली माझ्याकडे सरकवली आणि बुनाहावनची स्वतःकडे ओढली. चाललं मला.