एका गुणाने हुकलेलं दिव्यांग प्रमाणपत्र

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान झालं २००९ साली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र हातात यायला जवळपास वर्ष लागलं, आणि त्यातले आठ महिने एका खोलीतल्या वीस मिनिटांनी खाल्ले. त्या वीस मिनिटांचा राग अजून गेलेला नाही.

ऑनलाइन अर्ज सोपा आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि कार्डासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्ता टाकला, सरकारी रुग्णालयाची तारीख मिळाली. फक्त प्रकार निवडताना 'मानसिक आजार'च निवडा. 'बौद्धिक अक्षमता' हा वेगळा प्रकार आहे, त्यात बुद्ध्यंकाची चाचणी करायला पाठवतात.

तपासणीच्या दिवशी आईने त्याला दाढी करायला लावली, इस्त्रीचा शर्ट दिला. चार माणसांत जायचं म्हणून. आत डॉक्टरांनी त्यालाच विचारायला सुरुवात केली. आंघोळ करता? हो. जेवता? हो. बाजारातून सामान आणता? हो. मित्र आहेत? आहेत. काम करता? शोधतोय. सगळी उत्तरं त्याने ताठ बसून दिली. त्याचा शेवटचा मित्र आमच्या घरी आला त्याला अकरा वर्षं झाली. मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. 'तीनदा सांगितल्याशिवाय हा आंघोळीला उठत नाही,' हे त्याच्या तोंडावर, परक्या माणसासमोर कसं बोलायचं? मला कोणी वेगळं विचारलंही नाही.

कार्ड आलं ते पांढऱ्या पट्टीचं. म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. आम्हाला घोर होता तो आईनंतरच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा. वडील सरकारी नोकरीत होते, त्यांच्या पश्चात पेन्शन आईला मिळते. पुढे ती याला मिळायची तर हा कागद हवा.

हिशेब काय झाला ते नंतर कळलं. मानसिक आजारातलं अपंगत्व मोजायला आपल्याकडे 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज, आणि काम अशी चार क्षेत्रं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा ३, दहाच्या वर ४. बेरीज ७ झाली की ४० टक्के लागू होतात. निदानाला स्वतःचे गुणच नाहीत! फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलंय म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले होते.

याच्या चार क्षेत्रांचे मिळून झाले ४. कालावधीचे मिळाले २, कारण आमच्या फाइलमधली सर्वांत जुनी चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची होती. पहिल्या डॉक्टरांचा दवाखाना कधीच बंद झाला होता. एकूण ६. पंधरा वर्षांचा आजार, आणि एका गुणाने हुकलं.

क्लोझापिन या औषधाने त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबले, संशय गेला. पण इच्छा परतली नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणं, बोलणं दोन शब्दांवर येणं, हाही त्याच आजाराचा भाग आहे, आणि औषधाचा त्यावर फार कमी परिणाम होतो. लोकांना दिसतो शांत बसलेला माणूस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा निभावण्याची क्षमता खालावणं हेही आहे. खोलीतल्या प्रश्नांना नेमकं तेच सापडलं नाही.

अपील करता येतं, ९० दिवसांच्या आत. हे आम्हाला खिडकीवर कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते आधारगटातल्या एका शुभंकर काकूंनी. (आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मला हे शब्द फार आवडतात.) त्यांनी दोन कामं लावली.

पहिलं, जुना पुरावा. २००९ मध्ये तो ज्या रुग्णालयात दाखल होता तिथे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ खाली नोंदी मागितल्या. रुग्णाला त्याच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. तरी रेकॉर्ड रूमला पाच खेटे घालावे लागले. तो पिवळा पडलेला केसपेपर मिळाला तेव्हा मी जिन्यातच बसून रडले.

दुसरं, तीस दिवसांची वही. आंघोळीला किती वेळा उठवलं, गोळी कोणी हातावर ठेवली, दुकानात पाठवल्यावर काय न घेता परत आला. वही लिहायची याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली. तो म्हणाला, "लिही ताई, पण खरं लिही."

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं, मग त्याला बाहेर बसवून आम्हा दोघींना विचारलं, "तुम्ही दोघी आठ दिवस घरी नसलात तर?" आईला उत्तर देता येईना. क्षेत्रांचे ८, कालावधीचे ४. बारा.

कार्ड पिवळ्या पट्टीचं आलं, पाच वर्षांच्या मुदतीचं. तपासणीला जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच न्या, आणि रुग्णाच्या माघारी वेगळं बोलायचं असेल तर ते चिठ्ठीवर लिहून आधीच आत द्या. मला हे पहिल्या वेळी सुचायला हवं होतं. वही मी बंद केलेली नाही. आता ती महिन्यातून एकदा लिहिते, आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्यात लिहिलं: स्वतःहून दूध आणलं, सुट्टे पैसे मोजून परत दिले.