चहासाठी एवढं?

भारतातून पाहुणे आले की बॉस्टनच्या बंदरावर फेरी होतेच, आणि प्रश्नही ठरलेला: "चहा महाग केला म्हणून थेट अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध?" इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

चहा महाग झालाच नव्हता. १७७३च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच) अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत थेट माल पाठवायची मुभा मिळाली आणि तिचा चहा उलट स्वस्त होणार होता. पौंडभर चहामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम ठेवला. तो मुकाट भरला, की आपला एकही प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटचा कर लावायचा हक्क मान्य केल्यासारखं. शिवाय चोरटा डच चहा विकणाऱ्यांचा धंदा बसणार होता. तत्त्व होतं, तसा गल्लाही होता.

१६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनकरांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. सगळे इथेच थांबून फोटो काढतात. माझ्या मते त्या रात्री काहीच ठरलं नव्हतं. ही नासधूस वसाहतींतल्याच जॉर्ज वॉशिंग्टनला पसंत नव्हती. मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन तर भरपाई देऊन टाका म्हणत होता.

ठरलं ते शिक्षेमुळे. १ जून १७७४पासून बॉस्टनचं बंदर बंद, कंपनीचे पैसे चुकते होईपर्यंत. पेट्या फेकणारे मूठभर, आणि हातावरचं पोट गेलं गोदीतल्या हमालांचं, सुतारांचं, दोर वळणाऱ्यांचं. धान्य आणि सरपण तेवढं तपासणी करून आत सोडायचे. बाकीचा माल दुसऱ्या बंदरात उतरवून गाड्यांनी आणायचा. एवढ्यावर भागलं नाही. मॅसॅच्युसेट्सचं सल्लागार मंडळ यापुढे राजा नेमणार, आणि गावसभा वर्षातून एकदाच. जास्त हवी तर गव्हर्नरची परवानगी काढा. बॉस्टनला एकटं पाडलं की बाकीचे वचकतील, हा लंडनचा हिशोब. झालं भलतंच. कनेक्टिकटहून मेंढ्यांचे कळप आले, साउथ कॅरोलायनाहून तांदूळ. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने बंदर बंद होण्याच्या दिवशी, १ जूनला, उपास जाहीर केला, म्हणून गव्हर्नर डनमोरने ते विसर्जित केलं. सप्टेंबरात १२ वसाहतींची माणसं फिलाडेल्फियात एकत्र बसली. तेव्हाही मागणी स्वातंत्र्याची नव्हती, गाऱ्हाणी ऐका एवढीच! बॉस्टनजवळ लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौजेशी गोळ्या झडल्यावरसुद्धा, जुलै १७७५मध्ये, त्यांनी राजाला अर्ज पाठवला. राजाने तो हातात घेतला नाही, बंडखोर ठरवून मोकळा झाला.

"म्हणजे आपल्यासारखंच," असं कुणी म्हटलं की मात्र मी अडते. हे वसाहतवाले स्वतःच दुसऱ्यांच्या, मूळ रहिवाशांच्या, जमिनीवर बसलेले. १७६३मध्ये राजाने ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वसायला मनाई केली, याचाही त्यांना राग. नोव्हेंबर १७७५मध्ये डनमोरने बंडखोरांच्या गुलामांना सांगितलं, राजाच्या फौजेत या, मुक्त व्हाल. मळेवाले पेटले ते त्यावरही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जेफरसनने लिहिलेल्या मसुद्यातला गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा परिच्छेद तर वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, गाळूनच टाकला.

कॉलेजात असताना मी यांना सरळ करबुडवे म्हणायची. ब्रिटनमधला माणूस यांच्यापेक्षा किती जास्त कर भरत होता, हा तेव्हाचा माझा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पण तो कर लावणारं पार्लमेंट त्याच्या बेटावरचं होतं. मग कॉलेजातल्या त्या पोरीचा पुढचा प्रश्न: त्याला तरी कुठे मत होतं? बहुतेकांना नव्हतंच.

तर बंदर बंद झालं तिथपर्यंत मी बॉस्टनकरांच्या बाजूची. व्हर्जिनियाचं विचाराल, तर आमचं दोघींचं भांडण अजून चालू आहे.